पहिलं हिम आणि डोंगराची धार

मोसमातलं पहिलं हिम जमीन झाकतं, पण धरून ठेवत नाही. धारेवरच्या एका दिवसाच्या चालीत जे काही बिघडतं, त्यातलं बरंचसं इथूनच सुरू होतं. ऐन हिवाळ्यात मीटर-दीड मीटर हिम दबून घट्ट बसलेलं असतं, धोंडे आणि झुडपं खोल गाडली गेलेली असतात, आणि वर चालायला सलग, बऱ्यापैकी भरवशाची पाठ मिळते. सुरुवातीच्या १० ते ३० सेंटिमीटरांत यातलं काहीच नसतं. ओलं गवत, डुगडुगणारे दगड, कातळावरून ओघळून गोठलेलं पाणी, सगळं उन्हाळ्यात होतं तिथेच असतं. फक्त दिसत नाही.

आधी शब्दांचं. बोलताना आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. इथे मात्र आकाशातून पडलेलं भुसभुशीत ते हिम आणि गोठून काचेसारखं झालेलं ते बर्फ, असा फरक पाळला आहे. पायाखाली दोघांचं वागणं अगदी उलटं असतं: हिमात पाय रुततो, बर्फावर पाय ठरत नाही. सुरुवातीच्या दिवसांत वर हिम आणि खाली बर्फ अशी जोडी हटकून भेटते, आणि वरून पाहणाऱ्याला दोन्ही पांढरंच दिसतं.

वेळ

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२मध्ये सांगितलेला हिशोब अजूनही कामाला येतो. आजच्या मापांत तो असा: दर ५ किलोमीटरला १ तास, आणि दर ६०० मीटर चढाईसाठी वर आणखी १ तास. समजा धारेवरचा फेरा १४ किलोमीटरचा आणि चढाई एकूण ९०० मीटर आहे. चालण्याचे २ तास ४८ मिनिटं, चढाईचा दीड तास, मिळून ४ तास १८ मिनिटं. हा झाला कोरड्या वाटेचा आकडा. घोटाभर हिम असेल तर तो दीडपट धरावा, पोटरीपर्यंत असेल तर दुप्पट. दीडपट केले की साडेसहा तासांच्या जवळ जातो. त्यात खाणं-पिणं, कपड्यांची काढघाल, बुटांवर दातेरी स्पाइक्स चढवणं-उतरवणं, नकाशा पाहणं यांचा एक तास मिळवला की साडेसात तास होतात.

आता उजेड किती आहे ते पाहा. ४५ अंश उत्तर अक्षांशावर ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य साधारण ११ तास वर असतो, नोव्हेंबरच्या मध्यावर साडेनऊ. महिन्याभरात दीड तास गेला, आणि नेमक्या त्याच महिन्यात वाट हळू झाली. साडेसात तासांची चाल साडेनऊ तासांत बसते खरी, पण उरलेल्या दोन तासांत चुकलेली वाट, मुरगळलेला पाय आणि उशिरा निघालेली गाडी हे सगळं बसवायचं असतं. म्हणून पहिला चढ अंधारात, हेडलॅम्पच्या उजेडात केलेला बरा. तो भाग खालचा, मळलेल्या वाटेचा असतो. संध्याकाळच्या उतारावर अंधारात सापडण्यापेक्षा पहाटेचा अंधार कितीतरी परवडतो.

मागे फिरण्याची वेळ घरीच ठरवावी आणि कागदावर लिहावी. ‘बघू वर गेल्यावर’ असं म्हटलं की माणूस शिखर पाहून वेळ ठरवतो. धारेच्या बाबतीत वेळेबरोबर जागाही ठरवावी लागते. धार आरपार चालायची असेल तर एक टप्पा असा येतो की तिथून मागे जाणं आणि पुढे जाणं सारखंच लांब. त्या टप्प्याच्या आधीची शेवटची खिंड कोणती, तिथे किती वाजेपर्यंत पोचलं पाहिजे, हे नक्की हवं. खाली सुटणाऱ्या सोंडा नकाशावर आधी पाहून ठेवा. कोणत्या सोंडेने सरळ उतरता येतं आणि कोणती मध्येच कड्यावर संपते, हे धुक्यात शोधायचं काम नाही. घळी आणि नाळी पळवाट म्हणून धरू नका. वाऱ्याने उडालेलं हिम नेमकं तिथेच साचतं.

हवामानात काय पाहायचं

पाऊस-हिमाच्या चित्रांपेक्षा तीन आकडे महत्त्वाचे: शून्य अंशाची उंची, धारेच्या उंचीवरचा वारा, आणि मागच्या तीन दिवसांतला वारा. पायथ्याच्या गावाचा अंदाज वर चालत नाही. उंचीबरोबर तापमान दर १,००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याशी ५ अंश असेल तर १,००० मीटर वर उणे दीडच्या आसपास. हिमाची रेषा बहुधा शून्य अंशाच्या उंचीपेक्षा दोन-तीनशे मीटर खाली उतरते, कारण पडणारं हिम वितळायलाही थोडं अंतर लागतं. त्या दोन-तीनशे मीटरच्या पट्ट्यात सगळ्यात ओलं, सगळ्यात घसरडं प्रकरण सापडतं.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे ताशी ३० किलोमीटरऐवजी ६० झाला की धक्का दुप्पट नव्हे, चौपट. सलग ५०-६०च्या वाऱ्यात अरुंद धारेवर तोल सांभाळण्यातच सगळी ताकद जाते, आणि खिंडीत वारा चोंदून आणखी वेग घेतो. अंदाजात धारेवर ५०च्या पुढचा वारा असेल तर त्या दिवशी धार सोडून खालची जंगलातली वाट धरावी, हे माझं ठाम मत. गारठ्याचं म्हणाल तर उणे ५ अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला उणे १४ अंशांसारखा लागतो. गाल, नाक, मनगटाची उघडी पट्टी यांना तापमापकातल्या आकड्याशी देणंघेणं नसतं.

मागच्या तीन दिवसांचा वारा कशाला? कारण हिम कुठे पडलं यापेक्षा वाऱ्याने ते कुठे नेऊन ठेवलं, यावर धारेचं सगळं रूप ठरतं. त्याकडे पुढे येतोच.

पाय, हात, आणि मग बाकीचं

बूट घोट्याच्या वर येणारे, तळ कडक आणि कडा धारदार असलेले हवेत. मऊ तळाचा बूट हिमात पायरी कोरू शकत नाही. बोटांकडून वाकतो आणि घसरतो. बुटात एक जाड लोकरी पायमोजा घालून बोटं हलली पाहिजेत. दोन मोजे कोंबून घट्ट झालेला बूट रक्त अडवतो आणि पाय जास्त गार पडतो. पायाला गेटर, म्हणजे बुटाच्या गळ्यापासून पोटरीपर्यंतचं कापडी आवरण, हवंच. पहिलं हिम सैल असतं, ते बुटाच्या गळ्यातून आत जातं, वितळतं आणि दुपारपर्यंत मोजा पिळून घ्यावा लागतो.

मायक्रोस्पाइक्स, म्हणजे रबरी पट्ट्याला साखळी आणि तिला सेंटिमीटरभराचे दाते, या दिवसांतलं सगळ्यात उपयोगी हत्यार. तुडवून कडक झालेली वाट, गोठलेला चिखल, हलका उतार, इथे ते उत्तम चालतात. पण त्यांच्यावर विसंबून तीव्र उतारावर जाणं चूक. रबर बाजूला सरकतं, बूट आत फिरतो आणि दाते टाचेखालून निसटतात. तिथे १० किंवा १२ दातांचे क्रॅम्पॉन (बुटाखाली घट्ट बांधायच्या लांब दातांच्या धातूच्या चौकटी) लागतात, आणि क्रॅम्पॉन लागतील अशी जागा आली याचा अर्थ ही आता साधी पदयात्रा राहिली नाही. शिवाय पहिल्या हिमात क्रॅम्पॉनलाही अडचण असते: दाते हिमातून आरपार जाऊन खालच्या दगडावर खरवडतात आणि माणूस लांब काठ्यांवर उभा असल्यासारखा डुलतो.

स्पाइक्स घरीच, त्याच बुटांवर, हातमोजे घालून चढवून पाहा. रबर थंडीत ताठ होतं आणि जे बैठकीत दहा सेकंदांत जमतं ते वाऱ्यात पाच मिनिटं घेतं. रबर फाटलं तर बांधायला चार-पाच प्लास्टिकच्या केबल टाय खिशात असू द्या. तापमान शून्याच्या आसपास असलं की दात्यांखाली हिमाचे गोळे बसतात आणि दोन मिनिटांत तुम्ही गोल तळाच्या बुटांवर चालत असता. काठीने बुटाच्या कडेवर टक् करून गोळा झाडायचा, आणि ही सवय इतकी अंगवळणी पडली पाहिजे की गोळा बसायच्या आतच काठी चालते. थांबत नसेल तर स्पाइक्स काढून नुसत्या बुटांनी चालणं जास्त सुरक्षित.

हातांसाठी एक जोड कधीच पुरत नाही. आत पातळ, वर वारा-पाणी अडवणारे, आणि सॅकमध्ये कोरड्या पिशवीत एक जाड जोड, तोही चार बोटं एकत्र राहणारा मिटन. बोटं एकमेकांना ऊब देतात, म्हणून मिटन हातमोज्यापेक्षा गरम. पातळ मोजा भिजतोच: काठी धरताना, दगड धरताना, स्पाइक्स लावताना. भिजल्यावर तो अंगातल्या कपड्यांच्या थरांमध्ये ठेवावा, सॅकच्या बाहेर लटकवला तर लाकूड होतो. मनगटाला दोरी असलेले मोजे हास्यास्पद दिसतात खरे, पण धारेवर वाऱ्याने उडालेला मोजा परत आणायला कोणी जात नाही.

कपड्यांबद्दल थोडक्यात: अंगाला लागून सुती काही नको, लोकर किंवा कृत्रिम धागा हवा, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट, आणि सॅकमध्ये फक्त थांब्यासाठी एक जाड जॅकेट. माकडटोपी घ्या. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पायथ्याशी ऊबदार वाटत असेल तर वीस मिनिटांत घाम फुटेल, आणि घामाने भिजलेला थर धारेवर वारा लागताच उलटतो. गॉगल ढगाळ दिवशीही हवा. ताजं हिम अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतं, आणि उंचीबरोबर दर १,००० मीटरला हे किरण १० टक्क्यांच्या आसपास वाढतात. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेला मलम लावायला लोक विसरतात. उजेड खालून येतो.

पाणी दीड लिटर, त्यातलं निदान अर्धं थर्मासमध्ये गरम. बाटली सॅकमध्ये उलटी ठेवायची: पाणी वरून गोठायला लागतं, मग गोठलेला भाग बुडाशी राहतो आणि तोंड मोकळं. नळीची पाण्याची पिशवी आणलीच तर प्रत्येक घोटानंतर नळीतलं पाणी फुंकून मागे ढकला. हिम वितळवून पिऊ, हा बेत करू नका. ताज्या हिमाच्या साधारण दहा भागांतून एक भाग पाणी निघतं. अर्ध्या लिटरसाठी पाच लिटर हिम गोळा करत बसावं लागेल.

याशिवाय हेडलॅम्प (लिथियमचे सेल घाला, अल्कलाइन थंडीत लवकर मान टाकतात), बिव्ही बॅग (आत शिरून वारा-पाण्यापासून आडोसा घ्यायची मोठी पिशवी), बसायला फोमचा तुकडा, शिट्टी, प्रथमोपचार, नकाशा आणि होकायंत्र. फोमचा तुकडा चेष्टेचा विषय होतो, पण जखमी माणूस हिमावर बसला की ऊब सगळ्यात वेगाने खालूनच जाते.

चढताना

जंगल संपून गवताचा उतार लागतो तिथे पहिली कसोटी. लांब गवत हिमाच्या वजनाने उताराच्या दिशेने निजतं, त्यावर ओलं हिम, आणि या दोघांमध्ये घट्ट पकड अशी काही नसते. उभ्या उतारावर पाय पडला की हिम गवतावरून चटईसारखं सरकतं. इथे सरळ वर न जाता छोटी वळणं घेत, बुटाची वरच्या बाजूची कड दाबत चालावं. पाय गवताच्या थोंब्याच्या वरच्या बाजूला, थोंबा आणि उताराच्या मधल्या बेचक्यात टाकावा. थोंब्याच्या टोकावर टाकलेला पाय फिरतोच.

नंतर धोंड्यांचा पट्टा. पहिल्या हिमात पाय मोडण्याची ही हक्काची जागा. हिम दगडांमधल्या फटींवर पूल बांधतं, पण पुलाला वजन पेलायची सवय नसते. मोठ्या काळ्या धोंड्याभोवती आणि खुरट्या झुडपांभोवती पोकळी जास्त, कारण दगड उन्हाने तापून कडेचं हिम वितळवतो आणि झुडपात हवा अडकलेली असते. काठीने आधी टोचून, मग वजन टाकून, असं एकेक पाऊल. काठीचा पट्टा मनगटात अडकवू नका. काठी फटीत गेली आणि तुम्ही पुढे गेलात तर मनगट जातं. पाय अचानक मांडीपर्यंत आत गेला तर पुढे झेप घेऊन सोडवायचा मोह आवरा, नडगी त्या झेपेतच मोडते. मागे बसा, वजन काढा, मग पाय सरळ वर उचला.

धारेवर

धारेवर आल्यावर पहिली पाच मिनिटं चालू नका, वाचा. वारा कुठून आला होता हे दगडांवर लिहिलेलं असतं. गोठलेल्या धुक्याची पांढरी पिसं दगडांवर आणि खांबांवर दिसतात. ती वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वाढतात, म्हणजे पिसांची टोकं दाखवतात तिकडून वारा आला. दगडामागे हिमाची निमुळती होत गेलेली शेपटी मात्र वारा गेला त्या दिशेला. कडक हिमावरच्या वाऱ्याने कोरलेल्या लाटांची उभी, टोकदार बाजू वाऱ्याकडे. तिन्ही खुणा जुळल्या की धारेची कोणती बाजू झोडपली गेली आणि कोणत्या बाजूला माल साचला, हे पक्कं.

वाऱ्याकडच्या बाजूला हिम जवळजवळ नसतं. गवत, खडी, कातळ दिसतं. चालायचं तिथूनच. वाऱ्याआडची बाजू गुळगुळीत, भरलेली, देखणी, आणि धोक्याची. माथ्याच्या कडेला तिथेच हिमाची वळचण तयार होते. मोसमाच्या सुरुवातीला ती लहान असते, अर्ध्या-एक मीटरची, म्हणून लोक तिला गंभीरपणे घेत नाहीत. वरून पाहिल्यावर ती धारेचाच सपाट भाग वाटते. आणि ती तुटते तेव्हा फक्त बाहेर लोंबणारा भाग जात नाही; तुटण्याची रेघ बरीच मागे, जिथे पायाखाली जमीन आहे असं वाटत होतं तिथून जाते. त्यामुळे कडेपासून किती मीटर लांब चालायचं असा ठरावीक आकडा देणं मला पटत नाही. वाऱ्याकडच्या बाजूला, माथ्याच्या थोडं खाली, दगड-गवत दिसतं तिथून चाला. दुसऱ्याच्या पावलांचे ठसे कडेजवळून गेले असतील तर त्यातून एवढंच कळतं की तो त्या वेळी पडला नाही.

धारेवरचे खडकाळ टप्पे उन्हाळ्यात हात न लावता पार होतात. आता त्यांच्यावर काचेसारखा पातळ थर असू शकतो: दिवसा वितळलेलं पाणी ओघळून रात्री गोठतं. हा थर क्रॅम्पॉनला पकड देण्याइतका जाड नसतो आणि नुसत्या बुटाने निभावण्याइतका पातळही नसतो. कातळ नेहमीपेक्षा जास्त काळा, चकचकीत दिसला की समजावं. उपाय फार नाहीत. कोरडे, उठावाचे दगड हातांनी धरणं, सपाट पायरी बुटाच्या टाचेने साफ करणं, किंवा वाऱ्याकडच्या बाजूने खालून वळसा. खाली उघडा कडा असेल आणि वळसा नसेल, तर मागे फिरा. चढून गेलेला असा टप्पा उतरता येईलच असं नसतं, म्हणून चढण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा मला उतरता येईल का?

आइस अ‍ॅक्सबद्दल मतं खूप आहेत. ही टोकदार पात्याची हिमकुऱ्हाड वापरायला शिकलेल्याच्या हातात चांगली. पण पातळ हिमात, खाली दगड असताना, घसरल्यावर तिने थांबण्याची कल्पना फारशी खरी नाही. टोक रुतायला खोलीच नसते. या दिवसांत न घसरणं हाच खरा उपाय, आणि त्यासाठी दोन काठ्या जास्त कामाच्या.

हिम कोसळण्याबद्दल

‘एवढ्याशा हिमात कसलं हिमस्खलन’ हा या मोसमातला सगळ्यात महाग पडणारा समज. पातळ हिमात घडतं ते असं. जमिनीजवळ तापमान शून्याच्या आसपास असतं. वर हवा उणे १० असेल आणि हिम ३० सेंटिमीटरच असेल, तर एवढ्याशा जाडीत दहा अंशांचा फरक पडतो, म्हणजे मीटरमागे ३३ अंश. मीटरमागे १० अंशांपुढे फरक गेला की हिमातली वाफ खालून वर सरकत राहते आणि मूळचे एकमेकांत अडकलेले स्फटिक सुटे, कोनदार, साखरेसारखे दाणे होतात. मुठीत दाबले तरी गोळा होत नाही. सावलीच्या उतारांवर, उत्तर गोलार्धात म्हणजे उत्तरेकडच्या, मोसमातलं पहिलं हिम वितळत नाही आणि हळूहळू असंच दाणेदार होऊन बसतं. मग दुसरं हिम पडतं, वारा ते वाऱ्याआडच्या बाजूला नेऊन दाबतो, आणि सुट्या दाण्यांवर एक घट्ट फळी तयार होते. फळी पायाला पक्की वाटते, हीच गोम.

बहुतेक अशा फळ्या ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, सगळ्यात जास्त ३८च्या आसपास. आकार लहान वाटला तरी वजन मोजा: २० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर जाड फळी, घनमीटरमागे २०० किलो धरले तर २४ टन होते. गाडली जाण्याइतकं हिम नसलं तरी ती माणसाला उघड्या दगडांवरून फरफटत नेते. पातळ मोसमातल्या जखमा बऱ्याचदा अशाच असतात.

उताराचा कोन घरी नकाशावर काढता येतो. १:२५,०००च्या नकाशावर ५० मीटर उंचीफरकाच्या दोन समोच्च रेषांमधलं अंतर साडेतीन मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर उतार ३० अंशांहून तीव्र. पट्टी घेऊन सगळ्या वाटेवरच्या अशा जागा पेन्सिलने रंगवा, आणि तुमच्या वाटेच्या वरचे उतारही रंगवा, कारण सुटलेली फळी खालीच येणार. जागेवर काठी उतारावर ठेवून तिच्यावर फोनचा कोनमापक लावला तरी चालतं. पायाखाली धप्प असा दबका आवाज झाला, किंवा पावलापासून हिमात भेग पळत गेली, की चर्चा संपली. आल्या पावली परत. हिमस्खलनाचा धोका सांगणारी दैनिक पत्रकं बऱ्याच डोंगराळ प्रदेशांत हिवाळा नीट सुरू झाल्यावरच निघतात. पत्रक नाही म्हणजे धोका नाही असं नसतं. ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (हिमात खुपसून शोधायची लांब सळई) आणि फावडं न घेता निघालेल्यांनी ३० अंशांपुढचे वाऱ्याआडचे उतार सोडूनच द्यावेत.

पांढरं झाल्यावर

ढग खाली आला की आकाश आणि हिम यांच्यातली रेघ पुसली जाते. उतार वर जातोय की खाली, हेही डोळ्यांना कळत नाही. धारेवर हे घडलं तर दोन-तीन मिनिटं थांबा आणि आपण नक्की कुठे आहोत ते ठरवा, कारण त्यानंतर प्रत्येक पाऊल अंदाज होत जातं. होकायंत्राची दिशा एका अंशाने चुकली तर किलोमीटरला साडेसतरा मीटर बाजूला जातो. चुंबकीय फरक, म्हणजे होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांतला कोन, विसरल्याने दहा अंश चुकले तर अर्ध्या किलोमीटरलाच ८७ मीटर, आणि बहुतेक धारा इतक्या रुंद नसतात. तो फरक नकाशाच्या कडेला छापलेला असतो. पावलं मोजायची सवय असेल तर लक्षात ठेवा, सपाट वाटेवर १०० मीटरला जोडपावलं साधारण ६० ते ७० लागतात. हिमात तीच ८०-९० होतात. पुढचा माणूस पाच-सहा मीटरवर ठेवून त्याच्याकडून दिशा पडताळत चाला. तो अचानक बुटका दिसायला लागला तर समोर उतार आहे.

फोन आतल्या खिशात, एअरप्लेन मोडवर, नकाशा आधीच उतरवून घेतलेला. थंडीत फोन ३० टक्के दाखवत असतानाही बंद पडतो. तो बॅटरी संपल्याने नव्हे, गारठल्याने. अंगाशी धरला की बहुधा जागा होतो. गारठलेल्या फोनला लगेच पॉवर बँक लावू नका, शून्याखाली चार्ज केल्याने लिथियम बॅटरी खराब होते.

सोबत्यावर लक्ष ठेवायच्या खुणा चार: चाचपडणं, अडखळणं, बरळणं, कुरकुरणं. जॅकेटची चेन लावता येईना, पाय ठेचकाळू लागले, शब्द जड झाले, नेहमीचा शांत माणूस चिडचिडा झाला, तर शरीराचं तापमान ३५ अंशांकडे उतरायला लागलंय असं धरा. थंडीने कुडकुडणं चांगलं. कुडकुडणं थांबलं आणि माणूस अजून गारच आहे, हे वाईट. वाऱ्याआड बसवा, खाली फोम, कोरडा थर, वरून बिव्ही बॅग, गिळता येत असेल तर गोड गरम पेय. गालावर किंवा नाकावर पांढरा, मेणासारखा डाग दिसला तर उबदार तळहात धरून ठेवा. चोळू नका, आणि हिमाने तर मुळीच नाही. मदत हवी असल्यास मिनिटात ६ शिट्ट्या किंवा विजेरीचे ६ झोत, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा. आल्प्समधून रूढ झालेला हा इशारा आहे. उत्तर मिनिटाला ३ असं येतं.

उतरताना

दुपारी उतार बदललेला असतो. सकाळी कडक होतं ते उन्हाने मऊ झालं असेल, आणि ऊन गेलेली बाजू पुन्हा गोठायला लागली असेल. सावलीची रेघ ओलांडताना पाऊलभरात पृष्ठभाग बदलतो, म्हणून त्या रेघेच्या आधी थांबून स्पाइक्स चढवा. मऊ हिमात टाच आधी, गुडघा किंचित वाकलेला, वजन पुढच्या पायावर. मागे झुकलं की पाय समोर पळतात. बसून घसरत उतरणं टाळाच. पातळ हिमाखालचे दगड पाठीच्या कण्याला शोधून काढतात.

जंगलात शिरल्यावर लोक स्पाइक्स काढतात आणि शंभर मीटरवर आपटतात. झाडांखालच्या वाटेला दिवसभर ऊन लागलेलं नसतं, वरून ठिबकलेलं पाणी मुळांवर आणि लाकडी पुलांवर गोठलेलं असतं. सलग दहा मिनिटं कोरडी माती लागेपर्यंत ते पायातच असू द्या. हेडलॅम्प दिसेनासं झाल्यावर नव्हे, दगडाची सावली दिसेनाशी झाली की लावा.

घरी आल्यावर स्पाइक्स धुऊन, पुसून, मोकळ्या हवेत वाळवा. ओले पिशवीत राहिले तर आठवड्यात दाते गंजतात आणि साखळीच्या कड्या अडकतात. बुटांतले तळवे काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोनदा बदला. हीटरजवळ ठेवू नका. कातडं तडकतं, तळाचा गोंद सुटतो, आणि ते पुढच्या वेळी धारेवर लक्षात येतं.